आखूड नळीची एअर रायफल आणि जड छर्रे: आठ महिन्यांनंतर

मे महिन्यातल्या एका दुपारी क्रोनोवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) २१४ चा आकडा आला आणि मी रायफल उघडून बाजूला ठेवली. छर्रा ०.८७० ग्रॅमचा, वेग सेकंदाला २१४ मीटर. वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला: १९.९ ज्यूल. आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतो. माझी रायफल दुकानातून आली तेव्हा १७ ज्यूलच्या आत होती. मधल्या काळात मी तिच्या एकाही स्क्रूला हात लावला नव्हता. बदलला होता तो फक्त छर्रा.

हा अनुभव लिहायला घेतला तो मुख्यतः यासाठी. जड छर्ऱ्यांबद्दल वाऱ्यात टिकतात, जोरात लागतात वगैरे सगळे बोलतात, पण पीसीपी रायफलीत, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत, छर्ऱ्याचं वजन वाढवलं की ज्यूलही वाढतात हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आधी रायफलीबद्दल. भारतीय बनावटीची पीसीपी, ४.५ मिमी, रेग्युलेटर (दर वेळी हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) असलेली. नळी ३०० मिमीची. याच रायफलीचा ४५० मिमी नळीचा प्रकारही मिळतो, पण माझा उजवा खांदा जुना दुखरा आहे आणि पुढून जड असलेली रायफल मला दहा मिनिटांच्या वर पेलत नाही. आखूड नळीवाली पहिल्यांदा उचलली तेव्हाच ठरवलं. नोव्हेंबरात घेतली. इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे काकांचं शेत आहे, तिथे मातीचा उंच बांध आहे आणि त्याच्यापुढे आम्ही फळ्यांची एक पेटी करून तिच्यात जुन्या चिंध्या आणि रबराचे तुकडे दाबून भरलेत. सगळं शिसं त्या पेटीतच राहतं. ज्या मातीत आपण सोयाबीन आणि गहू घेतो तिच्यात शिसं पेरायचं नाही, ही काकांची पहिली अट होती.

काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं महूला होते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधले, हे ते आजही घरचं कोणी जिंकल्यासारखं सांगतात. त्यांची दुसरी अट वहीची. तारीख, तापमान, टाकीतला दाब, छर्रा, अंतर, वारा. "आठवणीवर नेमबाजी होत नाही, बाई," म्हणाले आणि दोनशे पानी वही हातात दिली. पुढचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

वापरलेले छर्रे: जेएसबी एक्झॅक्ट ८.४४ ग्रेन, एक्झॅक्ट हेवी १०.३४ ग्रेन आणि मॉन्स्टर १३.४३ ग्रेन (ग्रेन हे छर्ऱ्याच्या वजनाचं माप, १३.४३ ग्रेन म्हणजे ०.८७० ग्रॅम). थोडे एच अँड एनचे बाराकुडाही होते, पण ते एकच डबी, म्हणून त्यांच्यावर मत देत नाही. ८.४४ हा सगळ्यांच्या ओळखीचा मधल्या वजनाचा छर्रा. पुढचे दोन जड. परदेशात असे छर्रे शिकारीसाठीही घेतले जातात.

पहिल्या महिन्यातला वेग असा: ८.४४ ला २४८, १०.३४ ला २३२, १३.४३ ला २०८ मीटर. म्हणजे १६.८, १८ आणि १८.८ ज्यूल. वेग कमी होत गेला तरी ऊर्जा वाढत गेली. काकांच्या जुन्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत नेमकं उलट होतं. तिथे पिस्टनचा एकच फटका मिळतो, जड छर्रा जागचा लवकर हलत नाही, पिस्टन उसळून मागे येतो आणि जोर वाया जातो. पीसीपीत व्हॉल्व्ह उघडला की टाकीतली हवा छर्ऱ्याला मागून ढकलतच राहते. नळी आखूड असेल तर हलका छर्रा हवेचं काम पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडतो, आणि उरलेली हवा नुसताच आवाज करते. जड छर्रा नळीत जरा जास्त वेळ राहतो, त्यामुळे त्याच हवेतून जास्त जोर घेतो. आखूड नळी आणि जड छर्रा यांची जोडी का जमते याचं कारण हे आहे, आणि तीनशे मिमीच्या नळीचं गेलेलं थोडंफार तिथे परत मिळतं.

ज्यूल वाढले म्हणजे नेम चांगला लागला असं मात्र नाही. १३.४३ ने सुरुवातीला मला रडवलं. पंचवीस मीटरवर पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, २५ मिमी, त्यातला एखादा तर लांबच. ८.४४ त्याच दिवशी १२ मिमीत बसत होता. मी स्कोप तपासला, माउंटचे स्क्रू आवळले, शेवटी एक छर्रा सळईने नळीतून हळूच ढकलून काढला. त्याच्या अंगावर नळीतल्या खोबणींचे बारा ओरखडे, डोक्यापासून शेपटापर्यंत. ८.४४ चा छर्रा कमरेत बारीक असतो, खोबणींना फक्त डोकं आणि मागचा घेर टेकतो. मॉन्स्टर लांब आणि अंगाने भरलेला, नळीला त्याचा स्पर्श जास्त. नळीत आधीच्या छर्ऱ्यांचा थर होता, त्यावर मी नुकतंच तेलाचं फडकं फिरवलं होतं. कोरड्या फडक्याने नळी साफ केली, मग न थांबता साठेक मॉन्स्टर झाडले. नळी रुळली. त्यानंतर पंचवीस मीटरला १३-१४ मिमी यायला लागला आणि तिथेच राहिला. छर्रा बदलला की पहिले पन्नास-साठ मोजायचेच नाहीत, हे तेव्हापासून पाळते.

वजनाची गोष्टही सांगते. इंदूरच्या सराफ्यात माझ्या मावसभावाचं दागिन्यांचं दुकान आहे. संध्याकाळी दुकान बंद होऊन ओट्यावर जिलबी-गराडूची गाडी लागायच्या आधी तासभर त्याच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर मी मॉन्स्टरची अख्खी डबी तोलली, एकेक चिमट्याने उचलून. बहुतेक ८६६ ते ८७३ मिलिग्रॅममध्ये होते. त्याच्या बाहेरचे तीसेक निघाले, ते सरावाला ठेवले. पंचवीस मीटरवर निवडलेल्या आणि न निवडलेल्यांत मला फरक दिसला नाही. पन्नासवर दिसला, लांब पडणारे छर्रे कमी झाले. मागचा घेर दबलेला छर्रा मात्र कोणत्याही अंतरावर बाजूला काढावा, तो डोळ्यांना दिसतो आणि त्याला काटा लागत नाही.

पन्नास मीटर आणि माळव्यातला वारा इथे जड छर्ऱ्याची खरी परीक्षा झाली. एप्रिल संपत आला की दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो आणि झाडाला बांधलेली चिंधी आडवी राहते. त्या वाऱ्यात ८.४४ चे ग्रुप ६० मिमीपर्यंत आडवे पसरायचे. १०.३४ चे ४० च्या आसपास, १३.४३ चे ३५. वारा थांबला की मात्र १०.३४ सगळ्यात पुढे: पंचवीस मीटरला ९ मिमी, पन्नासला २२. हे एकदाचं नाही, वहीत जानेवारी आणि फेब्रुवारीची सात पानं तेच सांगतात.

जड छर्ऱ्याचा तोटा म्हणजे कमान. स्कोप पंचवीस मीटरवर शून्य केला तर पन्नासला ८.४४ साधारण दहा सेंटिमीटर खाली पडतो, १०.३४ बारा, आणि मॉन्स्टर चौदा-पंधरा. अंतर माहीत असेल तर स्कोपमधले ठिपके मोजून जमतं. पण पन्नासच्या जागी पंचावन्न असेल तर मॉन्स्टर आणखी पाच सेंटिमीटर घसरतो. दोरीने अंतर मोजून खुंट्या ठोकल्याशिवाय मी आता मॉन्स्टर वापरत नाही.

पेटी उघडून काढलेले छर्रे बघणं मला फार आवडतं. चिंध्यांमध्ये शिरून थांबलेला १०.३४ तळहातावर घेतला तर तो जवळजवळ डबीतून काढल्यासारखा दिसतो, फक्त अंगावर त्या बारा रेषा आणि नाकाला किंचित चपटेपणा. या वेगाला गोल नाकाचा छर्रा फुलत नाही. रेषा एकसारख्या असतील तर नळी बरोबर काम करते आहे हे तिथेच कळतं. हात साबणाने धुवायचे, मग चहा. शिशाच्या बाबतीत आळस नको.

शेतावर काम करणाऱ्या मुलाने एकदा विचारलं, "दीदी, इससे रोजड़ा भाग जाएगा क्या?" रोजडे, म्हणजे नीलगायी, हरभऱ्याचं फार नुकसान करतात, त्याची कळकळ खरी होती. काकांनी त्याला जवळ बसवून समजावलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार गुन्हा आहे, हे एक. आणि अठरा ज्यूलच्या छर्ऱ्याने एवढं जनावर मरत नाही, आत शिसं घेऊन दिवसेंदिवस तडफडतं, हे दुसरं. मलाही हेच म्हणायचं आहे. डबीवर काहीही छापलेलं असो, माझ्या रायफलीसमोर कागद आणि पत्र्याच्या चकत्या यांच्यापलीकडे काही आलेलं नाही आणि येणार नाही.

आता त्या मे महिन्यातल्या दुपारकडे येते. बेचाळीस अंश होतं, रायफल अर्धा तास उन्हात पडली होती. रायफल थांबून राहिली की रेग्युलेटरमधला दाब थोडा वर सरकत असावा, म्हणून बराच वेळ थांबल्यावरचा पहिला छर्रा नेहमी जोरात जात होता. दुसरा २१०, तिसरा २०९. पण पहिला १९.९ ज्यूल हेही खरं होतं. मी हॅमर स्प्रिंगचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हातोडीच्या स्प्रिंगचा) ताण कमी केला, रेग्युलेटरचं सील बदलून घेतलं. ते सील मिळवायला तीन आठवडे लागले. विकणाऱ्यांनी दोनदा चुकीच्या मापाचं पाठवलं, आणि दोन्ही वेळा फोन मलाच करावा लागला. एवढी महागाची वस्तू विकणाऱ्याने पाच रुपयांचं रबर जवळ ठेवायला हवं, याचा राग अजून गेलेला नाही. आता १३.४३ ला २००, १०.३४ ला २२२ मीटर मिळतात, म्हणजे १७.४ आणि १६.५ ज्यूल. ग्रुप बिघडले नाहीत, उलट १०.३४ चे किंचित आवळले. आणि आता पहिला छर्राही बाकीच्यांच्या दोन-तीन मीटरच्या आत असतो.

तुमच्याकडे पीसीपी असेल आणि जड छर्रे आणणार असाल तर आधी क्रोनो आणा किंवा कोणाचा तरी मागून घ्या. दुकानदार सांगतो तो आकडा बहुधा हलक्या छर्ऱ्याचा असतो. जो सर्वात जड छर्रा तुम्ही वापरणार, त्यावरच मोजा, तेही उन्हाळ्यात, आणि रायफल थोडा वेळ ठेवून दिल्यानंतरचा पहिला छर्रा धरून.

पाऊस सुरू झाल्यापासून शेतावर जाणं कमी झालं आहे. हातपंपाने १२० पासून २०० बारपर्यंत हवा भरताना जुलैच्या दमट हवेत पंपाच्या तळातून पाण्याचे थेंब निघतात, म्हणून दर पन्नास दट्ट्यांनी थांबून पंप रिकामा करते. आत ओल गेली तर व्हॉल्व्हला गंज धरेल. सध्या रायफलीत १०.३४ आहे. मॉन्स्टरची दीड डबी उरली आहे, तोललेली, कागदात गुंडाळून कपाटात. पुढच्या एप्रिलच्या वाऱ्यासाठी ठेवली आहे.