बिडाची जाळी की स्टीलची? बेळगावच्या पावसाचा हिशेब

बार्बेक्यूची शेगडी घ्यायला गेलं की दुकानदार आकार आणि रंग दाखवतो. तुम्ही आधी जाळी बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. जांबोटी-कणकुंबीकडे तर साधं लोखंड चार दिवसांत तांबूस होतं.

चवीचं म्हणाल तर मी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बाजूने. उद्यमबागच्या फाउंड्र्यांमुळे बीड आपल्या गावाच्या ओळखीचं. ते उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे सुरमईच्या तुकडीवर डाग खरपूस उठतात. पण त्याला तेल पाजावं लागतं. नवी जाळी धुऊन पूर्ण सुकवायची, शेंगतेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर निघेपर्यंत तापवायची. तेलाचा कडक थर बसतो आणि पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. असं तीन-चारदा करा. तेल जास्त झालं तर जाळी चिकट राहते. चिंच-टोमॅटोच्या आंबट मसाल्याने हा थर निघतो, मग पुन्हा तेच करायचं. तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नका, तडकेल.

स्टीलमध्ये 304 ग्रेड मागा. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. क्रोमियमचा अदृश्य थर गंज रोखतो, पण मिठाचा मसाला तसाच राहिला तर त्यावरही ठिपके पडतात. लोखंडी काथ्याने घासू नका, त्याचे कण रुततात आणि तेच गंजतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304 च, असं समजू नका. स्वस्त 202 ग्रेडलाही ते सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

मुलामा दिलेली स्वस्त जाळी सोललेली दिसली की टाकून द्या. जस्ताची कुंपणाची जाळी विस्तवावर नकोच, तिचा धूर विषारी.

दर रविवारी शेगडी पेटत असेल तर बीड घ्या. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पाहुणे आले तरच पेटणार असेल, तर जास्त पैसे घालून 304.

साफसफाई दोन्हींची सारखीच: जाळी गरम असताना अर्धा कांदा काट्याला टोचून घासा. तारेच्या ब्रशचा केस तुटून घासात गेला तर घशात रुततो, म्हणून मी तो वापरत नाही. राख मात्र पूर्ण विझल्यावर त्याच दिवशी काढा. ती हवेतला ओलावा ओढते आणि शेगडीचा तळ तिथूनच सडतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकने घट्ट झाकून अंगणात ठेवण्यापेक्षा तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका.