दुधारी ब्लेडचा रेझर की कार्ट्रिज? आणि मध्येच उभा असलेला तिसरा

जुन्या पद्धतीचा, दुधारी ब्लेडचा रेझर घ्यावा का असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर हमखास पैशांचं मिळतं. कार्ट्रिज (दांड्यावर बसवायचं, पाती आत पक्की केलेलं तयार डोकं) महाग, ब्लेड स्वस्त, विषय संपला. अमेरिकेतल्या माणसाने अमेरिकेतल्याच माणसाला दिलेला हा सल्ला तिथे खरा आहे. आपल्याकडे तो अर्धाच लागू पडतो, कारण आपल्याकडे जिलेट गार्ड हा स्वस्तातला, एकाच पात्याच्या कार्ट्रिजचा रेझर आहे.

हिशेब करून पाहा. तीन पात्यांचं मॅक थ्रीसारखं कार्ट्रिज दीड-दोनशे रुपयांच्या घरात जातं. रोज दाढी करणाऱ्याला एक कार्ट्रिज दोन-तीन आठवडे पुरलं असं धरलं तरी वर्षाला तीन-चार हजार सहज जातात. दुधारी ब्लेड पाच रुपयांचं धरा. चार-पाच दाढ्यांनंतर ते टाकायचं, म्हणजे वर्षाला ८० च्या आसपास ब्लेडं आणि ४०० रुपये. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण गार्ड २०१० मध्ये बाजारात आला तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि त्याचं एकपाती कार्ट्रिज ५ रुपयांना होतं. किंमत आता तीच राहिलेली नसली तरी तो अजूनही स्वस्तातलाच माल आहे. तेव्हा गार्ड वापरणाऱ्याने काटकसर म्हणून दुधारीकडे वळण्यात अर्थ नाही. त्यात दोन-तीन हजारांचा जर्मन रेझर घेतला, तर ते पैसे वसूल व्हायला कित्येक वर्षं जातील.

गार्ड घडला कसा, हे या तुलनेत उपयोगी पडतं. जिलेट कंपनीने त्याआधी भारतासाठी काढलेल्या व्हेक्टर या रेझरची चाचणी अमेरिकेत, एमआयटी या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांना तो आवडला. इथे आल्यावर मात्र त्यात केस अडकून बसू लागले, कारण त्या विद्यार्थ्यांकडे वाहता नळ होता आणि इथले कित्येक जण मगभर पाण्यात दाढी उरकत होते. मग गार्डमध्ये एकच पातं आणि धुवायला सोपं डोकं आलं. दुधारी रेझरमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. एक पातं, दोन्ही बाजू मोकळ्या, मगात दोनदा हलवला की स्वच्छ. तीन-पाच पात्यांच्या कार्ट्रिजला मात्र धार लागते, म्हणजे पाण्याची. नळाला दिवसाआड पाणी येतं त्या घरात हा मुद्दा किमतीइतकाच मोठा आहे.

आता खरा फरक. कार्ट्रिजमध्ये पातं कातडीला किती तिरकं लागणार हे कारखान्यात ठरलेलं असतं. तुम्ही दांडा कसाही धरा, डोकं वळून गालाला चिकटतं. दुधारी रेझरमध्ये हे काम तुमच्या मनगटाकडे येतं. बरं-वाईट जे काही होतं ते इथूनच होतं: कापलं तर यामुळे, आणि बाजारात मिळणार नाही इतकी तुमच्या गालाला जुळणारी दाढी झाली तर तीही यामुळेच.

कोन साधारण ३० अंशांचा हवा, पण आरशासमोर कोनमापक घेऊन कोण उभं राहणार? त्यापेक्षा रेझरची टोपी, म्हणजे ब्लेडच्या वरचं झाकण, गालावर टेकवा, दांडा सरळ बाहेर, जमिनीला समांतर. मग दांडा हळूहळू खाली आणत छोटे हात मारा. एका ठिकाणी केस कापल्याचा बारीक खरखर आवाज यायला लागतो. तोच तुमचा कोन. पंखा आणि रेडिओ तेवढा वेळ बंद ठेवा, कारण शिकताना कान डोळ्यांपेक्षा जास्त कामाचे.

दुसरी गोष्ट दाब. कार्ट्रिजवाल्यांना रेटून फिरवायची सवय झालेली असते आणि ती जायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. धातूच्या रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. दांडा शेवटाकडे धरला की हात आपोआप हलका पडतो. एका फेरीत राहिलेला केस दाबून काढायचा नाही, पुन्हा फेस लावून दुसऱ्या फेरीत काढायचा.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त सुलटी दाढी करा, म्हणजे केसांच्या ओढीने, ते वाढतात त्या दिशेने. ओढ कुठे आहे हे दोन दिवसांचे खुंट वाढू देऊन बोटांनी चाचपलं की कळतं. गालावर ती बहुतेकांची खाली असते. गळ्यावर मात्र आडवी, तिरकी, कधी खालून वर, आणि कुणाकुणाला चक्क भोवरा. हनुवटी आणि कंठमणी शेवटी. तिथे कातडी ताणून धरायची आणि कंठमण्यावर आवंढा गिळून मग हात मारायचा. उलटी दाढी हात बसल्यावर, तीही सगळ्यांना लागते असं नाही. सुरुवात रविवारी करावी. सोमवारी नऊच्या लोकलच्या आधी हे प्रयोग नकोत.

शेवटी तुरटी. ओला खडा चेहऱ्यावर फिरवला की जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबलंय किंवा एकाच जागेवरून पुन्हापुन्हा गेलाय. इतका प्रामाणिक शिक्षक दहा-वीस रुपयांत दुसरा मिळत नाही.

गळ्यावर पुरळ उठतं, केस आत वाढतात, म्हणून अनेक जण दुधारीकडे येतात. त्यामागे कारण आहे. एकापेक्षा जास्त पाती असली की पुढचं पातं केस किंचित ओढून धरतं आणि तो आत जायच्या आधी मागचं त्याला कापतं. त्यामुळे टोक कातडीच्या खाली राहतं. केस कुरळा असेल तर वाढताना वळून कातडीतच घुसतो. एकपाती रेझर केस कातडीच्या बरोबरीने कापतो, म्हणून हा त्रास कमी होतो. पण गार्डही एकपातीच आहे! तेव्हा तक्रार फक्त पुरळाची असेल तर आधी महिनाभर गार्ड वापरून बघा. फरक पडला तर शिकण्याचा खटाटोप वाचला. खूप मुरुमं असतील तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

गार्डने काम भागत नाही ते दाट, राठ दाढीवाल्यांचं. तिथे दुधारीचा मोठा गुण उपयोगी पडतो: ब्लेड निवडता येतं. जिलेट कंपनीचा संस्थापक किंग कँप जिलेट याला १९०४ मध्ये या रेझरचं पेटंट मिळालं आणि पातळ, दोन्ही बाजूंनी धार असलेलं, टाकून द्यायचं ब्लेड रुळलं. आजही कोणत्याही कंपनीचं दुधारी ब्लेड कोणत्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. आजोबांच्या कपाटातला रेझर घासूनपुसून काढला तरी त्यात आजचं ब्लेड बसेल. कार्ट्रिजमध्ये एकदा दांडा घेतला की तुम्ही त्या कंपनीचे. आणि दुधारी ब्लेड तुमच्या गालाला अगदीच अनोळखी नाही: सलूनमधला कारागीर तेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो.

जपानी फेदर फार धारदार, ते नवख्याने लांब ठेवावं. सेव्हन ओ क्लॉक, विल्किन्सन, ॲस्ट्रा यांची एकेक पुडी आणा आणि प्रत्येक ब्लेडने दोनतीन दाढ्या करून गालालाच विचारा. एकाचं आवडतं ब्लेड दुसऱ्याला ओरबाडतं.

ब्लेड बोथट का होतं याचं उत्तर २०२० मध्ये एमआयटीच्याच संशोधकांनी 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतो, तरी वाकलेला केस धारेला एका बाजूने लागला की तिथला बारीक टवका उडतो. आपल्यापुरतं पाहायचं तर केस भिजवून मऊ करण्यात कसूर नको. आंघोळीनंतर दाढी, ब्रशने चोळून फेस, मग रेझर. हे कार्ट्रिजलाही लागू आहे, पण कार्ट्रिज आळस खपवून घेतं. दुधारी घेत नाही. त्यामुळे रोजची पाच मिनिटंच हाताशी असतील तर कार्ट्रिजच बरं. दुधारीला दहा-बारा मिनिटं द्यावी लागतात, सुरुवातीला वीसही.

रेझर कोणता? तीन भागांचा, म्हणजे टोपी, ब्लेडखालची पट्टी आणि दांडा सुटे होणारा. धुवायला सोपा, बिघडायला काही नाही. दांडा फिरवल्यावर वरची दोन पाखं उघडतात तो प्रकार दिसायला छान आणि ब्लेड घालायला सोपा, पण फटींत साबण साचतो. भारतात बनणारे पार्करचे रेझर चांगले आहेत. मेर्कुर, म्यूले ही जर्मन नावं हात बसल्यावर. बरेचसे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. फरशीवर आपटले तर आटे तुटतात, म्हणून ओल्या हाताने सांभाळून.

विमानात हातातल्या बॅगेत सुटं ब्लेड नेऊ देत नाहीत, कार्ट्रिज चालतं. सतत फिरतीवर असणाऱ्याने दोन्ही ठेवावीत. वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका, ते कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात जातं. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडा, वर्षभराची ब्लेडं त्यात मावतात, मग चिकटपट्टी लावून, वर 'ब्लेडं' असं लिहून द्या.

हात थरथरत असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर दुधारीचा नाद नको. आणि अंथरुणावरच्या वडिलांची दाढी करून द्यायची असेल, तर तुमचा स्वतःचा हात कितीही बसलेला असो, तिथे गार्ड घ्या. दुसऱ्याच्या गालावरचा दाब आपल्याला जाणवत नाही.