जिमी स्टुअर्ट म्युझियम, इंडियाना (पेन्सिल्वेनिया): एका हार्डवेअरवाल्याच्या मुलाचं घर

पिट्सबर्गला राहून इतकी वर्षं झाली, पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात तर किती वेळा गेलोय, पण तिथून अजून तासभर पुढे इंडियाना नावाचं एक छोटं गाव आहे आणि हॉलिवूडचा जुना नट जिमी स्टुअर्ट तिथला, हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. गाव पेन्सिल्वेनियातलंच, नाव तेवढं इंडियाना. बाबा सांगलीहून आले होते, शनिवार मोकळा होता, म्हटलं चला. २२ नंबरच्या हायवेने पूर्वेला जायचं, मग ११९ ला लागून उत्तरेला, रस्ता सगळा डोंगराडोंगरातून आणि मस्त आहे.

म्युझियम फिलाडेल्फिया स्ट्रीटवर पब्लिक लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरून पटकन लक्षात येत नाही, त्यामुळे आधी शेजारच्या कोर्टासमोरचा त्याचा पुतळा शोधा. १९८३ मध्ये त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा तो स्वतः आला होता, पण ब्राँझचा पुतळा वेळेत तयार झाला नव्हता म्हणून त्या दिवशी फायबरग्लासचा उभा केला, तो आता वर म्युझियममध्ये ठेवलाय. म्युझियम १९९५ मध्ये सुरू झालं, तेही त्याच्या वाढदिवशी, २० मे ला.

मोठं नाहीये, दीड-दोन तासात आरामात बघून होतं. पण मी युनिव्हर्सल स्टुडिओ वगैरे पण बघितलंय आणि खरं सांगतो, मला हे जास्त आवडलं. कारण तिथे स्टार दिसतात, इथे एक माणूस कुठून आला ते दिसतं. त्याच्या वडिलांचं, अलेक्झांडर स्टुअर्ट यांचं, याच रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान होतं, आजोबांच्या नावाने चालणारं. एका गिऱ्हाइकाने उधारी फेडायला पैशाऐवजी अकॉर्डियन दिलं आणि मुलगा त्यावरच वाजवायला शिकला. प्रिन्स्टनला आर्किटेक्चर शिकला, १९३२ मध्ये डिग्री घेतली, म्हणजे वडिलांच्या हिशेबाने सगळं रांगेत चाललं होतं, आणि हा गेला नाटकात! न्यूयॉर्कमध्ये हेन्री फोंडा या नटाबरोबर एका खोलीत राहिला, १९३५ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओकडे. नंतर 'द फिलाडेल्फिया स्टोरी' या सिनेमासाठी ऑस्कर मिळाला, तर वडिलांनी फोन करून सांगितलं की काहीतरी बक्षीस मिळालंय म्हणे, इकडे पाठव, दुकानाच्या खिडकीत ठेवतो. त्याने खरंच पाठवलं आणि ते ऑस्कर वर्षानुवर्षं त्या दुकानात होतं.

इथे बाबा थांबले ते थांबलेच. आमचं पण हार्डवेअरचं दुकान, खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे यांच्यात माझं लहानपण गेलं, आणि माझं इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट बाबांनी गल्ल्यामागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलंय, अजून तिथेच आहे. बाबांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो म्हणून मी ही गोष्ट त्यांना मराठीत सांगितली तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "दुकानदार आहे रे, अजून कुठं ठेवणार."

माझ्यासाठी सगळ्यात भारी भाग युद्धाचा. आपल्याकडे 'व्हर्टिगो' आणि 'रिअर विंडो'मुळे त्याला ओळखतात, पण हा माणूस ऑस्कर मिळाल्यावर काही आठवड्यांतच, मार्च १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या आधी साधा शिपाई म्हणून भरती झाला. आधी वजन कमी म्हणून परत पाठवलं होतं, तरी गेला. इंग्लंडमधून बी-२४ बॉम्बर घेऊन २० मोहिमा केल्या, चार वर्षांत कर्नल झाला आणि पुढे १९५९ मध्ये एअर फोर्स रिझर्व्हमध्ये ब्रिगेडियर जनरल. परदेशी जाताना वडिलांनी त्याला पत्र दिलं होतं, सोबत बायबलातलं ९१वं स्तोत्र, ते तो जवळ बाळगायचा. आणि परत आल्यावर सिनेमाच्या जाहिरातीत माझ्या युद्धाचा उल्लेख नको असं त्याचं म्हणणं होतं. हे सगळं वाचून झाल्यावर 'इट्स अ वंडरफुल लाइफ' परत बघा, युद्धावरून आल्यावरचा त्याचा पहिलाच सिनेमा, १९४६ चा. त्यात पुलावर उभा राहून तुटलेला जो माणूस दिसतो तो मला आता नुसता अभिनय वाटत नाही. तेव्हा तो सिनेमा फारसा चालला नाही, १९७४ मध्ये कॉपीराइट रिन्यू करायचा राहिला म्हणून टीव्हीवाले दर ख्रिसमसला फुकटात दाखवत गेले आणि मग घराघरात पोचला.

वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉय सिनेमांचा भाग मी जरा पटकन उरकला, पोस्टर भरपूर आहेत. त्यातला 'पाय' (Pie) नावाचा घोडा मात्र लक्षात राहिला, जवळपास वीस वर्षं तो सिनेमांमध्ये त्याच्यावरच बसायचा. बेव्हर्ली हिल्समधल्या त्याच्या घराचं पुढचं दार पण इथे आणून ठेवलंय. सावत्र मुलगा रोनाल्ड १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला, हे मला माहीत नव्हतं, स्वतः युद्ध बघितलेल्या बापाला कसं वाटलं असेल ते त्या दारासमोर उभं राहून डोक्यातून जातच नव्हतं. १९९४ मध्ये बायको ग्लोरिया गेली आणि तीन वर्षांनी, २ जुलै १९९७ ला तो गेला.

आत एक छोटं थिएटर पण आहे, जुन्या धाटणीचं, पन्नासेक खुर्च्यांचं. आम्ही शेवटी तिथेच बसलो, माहितीपट चालू होता. वयस्कर आई-वडील असतील तर नक्की न्या, लिफ्ट आहे, चालायला फारसं नाही. अगदी लहान मुलं मात्र कंटाळतील. जमलं तर डिसेंबरमध्ये जा, गावात 'इट्स अ वंडरफुल लाइफ'च्या नावाने फेस्टिव्हल असतो आणि हा भाग ख्रिसमस ट्रीसाठीच प्रसिद्ध आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच.

निघताना बाबांनी फिलाडेल्फिया स्ट्रीटवर गाडी हळू घ्यायला लावली, दुकान कुठल्या कोपऱ्यावर असेल ते बघत होते.