जाम झालेले इंजिन आणि न बसवलेले पिस्टन

माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी १९८७ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. २०१४ मध्ये त्यांनी तिचे इंजिन उतरवून पूर्ण नव्याने बांधून घेतले. चारही सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, वीस साइजचे (मूळ मापापेक्षा इंचाच्या वीस हजारांशाने मोठे) पिस्टन घातले, नव्या रिंगा बसवल्या आणि क्रँक ग्राइंडिंग करून, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा घासून, दहा साइजचे बेअरिंग टाकले. हे मला इतके नेमके ठाऊक आहे, कारण त्यांनी ते आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवले होते. त्यानंतर गाडी जेमतेम सहाशे किलोमीटर चालली. मे २०१६ मध्ये ते आजारी पडले आणि गाडी विलेपार्ल्याच्या आमच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली, ती आठ पावसाळे तशीच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा चालू करायचे ठरवले, तेव्हा ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला. त्याने नवी बॅटरी जोडली आणि काहीही न तपासता थेट चावी फिरवली. सेल्फचा (स्टार्टर मोटरचा) ‘खट्’ असा एकच आवाज झाला आणि इंजिन हलले नाही. “दादा, इंजिन पूर्ण जाम आहे, आत सगळं गंजलंय, उतरवावंच लागेल,” असे त्याने पाच मिनिटांत सांगून टाकले. इंजिन नवेच बांधलेले आहे हे मी सांगितले, पण आता सगळे पुन्हा बोअर करून चाळीस साइजचे पिस्टन टाकावे लागतील, असे तो इतक्या खात्रीने बोलला की माझी भीती आणखी वाढली. एकूण खर्च ७२,००० रुपये ठरला. त्यातले ४०,००० मी त्याच दिवशी रोख दिले, पावती घेतली नाही, आणि इंजिन टेम्पोत चढताना मी स्वतः हात लावला.

त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य होते, म्हणूनच मी फसलो. चार सिलिंडरचे इंजिन कुठल्याही स्थितीत थांबले, तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच आणि मुंबईची दमट हवा तिथून आत शिरते. भिंतीवरचे तेल कालांतराने खाली ओघळून गेलेले असते, त्यामुळे रिंग जिथे टेकलेली असते तिथे गंजाचा पट्टा तयार होतो आणि रिंग भिंतीला चिकटते. मात्र एका सिलिंडरमधली रिंग चिकटणे आणि चारही सिलिंडर निकामी होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे रूपांतर दुसरीत करून दाखवण्यावरच या फसवणुकीचा सगळा डाव उभा असतो.

तीन आठवड्यांचे काम तीन महिन्यांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंजिन परत आले, ते चकचकीत चंदेरी रंग मारून. उरलेले ३२,००० रुपये मी यूपीआयने दिले. काय काय बदलले याची यादी मागितल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली. चाळीस साइजचे पिस्टन, नव्या रिंगा, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि वीस साइजचे बेअरिंग, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. जुने पिस्टन मागितले, तर ते भंगारात गेले असे उत्तर मिळाले. तिथेच मी थांबायला हवे होते, कारण ज्याने पिस्टन खरोखर काढलेले असतात त्याला ते दाखवायला काहीच अडचण नसते.

गाडी सुरू झाली, पण मागून निळा धूर निघत होता आणि चाळीस किलोमीटर होण्याआधीच इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब कमी झाल्याचे सांगणारा लाल दिवा आयडलिंगला (गाडी उभी असताना) लुकलुकू लागला. “रिंगा बसायला वेळ लागतो,” एवढेच तो म्हणाला, आणि पुढे फोन उचलेनासा झाला.

वडिलांच्या वहीत एक जुना नंबर होता. २०१४ चे काम ज्यांनी केले होते ते मेकॅनिक काका आता लालबागला निवृत्त आयुष्य जगतात. माझे सगळे ऐकून ते पार्ल्याला आले आणि एका परिचित गॅरेजमध्ये त्यांनी माझ्यासमोर इंजिन उघडले. पिस्टनच्या डोक्यावर काळा कार्बन जमला होता. त्यांनी पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो हळूहळू पुसला आणि खालून कोरलेला ‘२०’ हा आकडा वर आला. चारही पिस्टनवर तोच आकडा होता. मग त्यांनी बेअरिंगची पट्टी काढून उलटी केली. तिच्या पाठीवर ‘०१०’, म्हणजे दहा साइजचा, शिक्का होता. “हे तर मीच बसवलेलं आहे,” असे ते म्हणाले आणि बराच वेळ त्या पट्टीकडेच पाहत राहिले.

लेथवाल्याने गेज घालून बोअर मोजला, तो साडेअडुसष्ट मिलिमीटर भरला. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा, वीस साइजला त्यात अर्धा मिलिमीटर वाढतो आणि चाळीस साइजला तो ६९ च्या आसपास जातो, म्हणजे बोअरिंग झालेच नव्हते. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मात्र बोटाला जाणवेल असा गंजाचा पट्टा होता आणि त्यावर एमरी पेपरने हाताने घासल्याचे वेडेवाकडे ओरखडे होते. पिस्टन सोडवून, भिंत घासून, हेड गॅसकेट नवा लावून आणि वरून रंग मारून त्या मेकॅनिकने इंजिन परत दिले होते. घासल्यावर इंजिन नीट धुतलेही नव्हते. एमरीची कच तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोहोचली, बेअरिंगवर चरे पडले आणि तेलाचा दाब उतरला. सहाशे किलोमीटर चाललेले बेअरिंग त्या माणसाने चाळीस किलोमीटरमध्ये खराब केले, याचा मला पैशांपेक्षा अधिक राग आहे.

अशी उभी गाडी कशी उठवायची, हे काकांनी मला समजावून सांगितले. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेलचे मिश्रण सोडायचे आणि इंजिनाला दोन-चार दिवस मुरू द्यायचे. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, बेताने, मागे-पुढे हलवायचे. सेल्फ मारायचा नाही. इंजिन पूर्ण फेरा घेऊ लागले, की टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचे झाकण) काढून सगळे व्हॉल्व्ह हलतात का ते पाहायचे, कारण अडकलेल्या व्हॉल्व्हवर जोर दिला तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) वाकतो. टाकीतले जुने पेट्रोल काढायचे, इंजिन ऑइल बदलायचे, आणि प्लग बाहेरच ठेवून तेलाचा दिवा विझेपर्यंत सेल्फने फिरवायचे, मगच प्लग बसवायचे. इंजिन एवढ्यानेही सुटले नाही, तर उतरवण्याची गोष्ट काढावी, आणि तेव्हाही हेड उघडताना मालकाने समोर उभे राहावे. कामाआधी पिस्टनवरचा आकडा, बेअरिंगचा शिक्का आणि इंजिन नंबर यांचे फोटो घ्यावेत आणि जुने भाग परत मिळतील हे आधीच लेखी ठरवावे.

इंजिन आता व्यवस्थित होन करून (सिलिंडरच्या भिंती बारीक दगडाने एकसारख्या घासून), नव्या रिंगा आणि बेअरिंग घालून पुन्हा उभे केले आहे. दुसऱ्या सिलिंडरमुळे ते थोडे तेल खाते, पण दाब बरोबर आहे. मेकॅनिकविरुद्ध मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. घटनेपासून २ वर्षांच्या आत ती करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते. रोख दिलेल्या ४०,००० रुपयांचा पुरावा माझ्याकडे नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची ती यादी, लेथवाल्याने लेखी दिलेली मापे, वडिलांच्या वहीतले पान आणि चरे पडलेल्या, पाठीवर ‘०१०’ असलेल्या बेअरिंगच्या पट्ट्या मात्र तक्रारीसाठी एका पाकिटात जपून ठेवल्या आहेत.