डी-वन की डी-थ्री? पोहणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी, मार्क आणि ॲडमिशनच्या बाजूने

अमेरिकेत कॉलेजचे खेळ एनसीएए ही संस्था चालवते आणि तिने कॉलेजांचे तीन गट केलेत: डिव्हिजन वन, टू आणि थ्री, म्हणजेच डी-वन, डी-टू, डी-थ्री. माझी मुलगी आता एका डी-थ्री कॉलेजात सेकंड इयरला आहे आणि तिथल्या टीममध्ये पोहते. त्यामुळे इथे न्यू जर्सीत ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत आणि पहाटे साडेचारला उठून पूलवर जातात, ते आईबाबा भेटले की मला हमखास विचारतात, डी-वनचा हट्ट धरावा का. टायमिंगबद्दल कोच सांगेलच, मी मार्कांबद्दल आणि ॲडमिशनबद्दल सांगते, कारण आमची सगळ्यात जास्त धावपळ तिथेच झाली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: एनसीएएने एलिजिबल, म्हणजे खेळायला पात्र, ठरवणं वेगळं आणि कॉलेजने ॲडमिशन देणं वेगळं. ही दोन वेगळी ऑफिसं आहेत, दोघांचे निकष वेगळे. आम्ही पहिलं वर्षभर हे एकच समजत होतो.

डी-वनला एनसीएएची अट म्हणजे हायस्कूलचे १६ कोअर कोर्स आणि फक्त त्या १६ मध्ये २.३ जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी). इंग्रजी ४ वर्षं, मॅथ ३ (अल्जेब्रा वन किंवा वरचं), सायन्स २, सोशल सायन्स २, या तीनपैकी म्हणजे इंग्रजी-मॅथ-सायन्समधलं अजून १, आणि ४ वर्षं इतर, त्यात फॉरेन लँग्वेज वगैरे येतं. जिम, बँड, आर्ट यातला ए धरत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना २.३ म्हणजे काहीच वाटणार नाही, पण खरी अडचण जीपीएची नसते, ती टेन-सेव्हनची असते. बारावी सुरू होण्याआधी १६ पैकी १० कोर्स पूर्ण हवेत, त्यातले ७ इंग्रजी, मॅथ, सायन्सचे, आणि त्या दहांचे ग्रेड तिथेच लॉक होतात, नंतर परत तो कोर्स करून ग्रेड सुधारता येत नाही. नाही जमलं तर पुढे १६ कोर्स आणि २.० असेल तरी ॲकॅडमिक रेडशर्ट, म्हणजे स्कॉलरशिप मिळू शकते, पहिल्या टर्मला प्रॅक्टिस करता येते, पण पहिलं वर्ष रेसमध्ये उतरता येत नाही.

आमचं काय झालं सांगते. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात लेकीने केमिस्ट्री ऑनलाइन केलं, आपल्या वेळेने करायचा कोर्स होता, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर एक पिरियड मोकळा आणि दुपारी प्रॅक्टिसला लवकर जाता येईल. शाळेच्या काउन्सेलरने चालेल म्हणून सांगितलं, ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिटही आलं. आणि अकरावीच्या डिसेंबरात कळलं की एनसीएएच्या यादीत तो कोर्सच नाही, कारण ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकाचा मुलांशी नियमित संपर्क हवा, नुसते व्हिडिओ बघून टेस्ट दिलेली चालत नाही. आमच्याकडे बायॉलॉजी आणि फिजिक्स होतं म्हणून निभावलं, पण ते दोन आठवडे मला झोप नव्हती. प्रत्येक हायस्कूलची मान्य कोर्सची यादी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर कोणालाही बघता येते, तुमच्या शाळेची नववीतच बघा आणि उन्हाळ्यातला कुठलाही कोर्स घ्यायच्या आधी परत बघा. आठवीत केलेलं अल्जेब्रा वनसुद्धा धरलं जातं, पण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसकट दिसलं तरच.

डी-टू थोडक्यात: १६ कोर्स तिथेही, जीपीए २.२, लॉकची भानगड नाही.

आता डी-थ्री. इथे एनसीएएची कोअर कोर्सची किंवा जीपीएची अटच नाही, कॉलेज जे मागेल ते. म्हणून लोकांना वाटतं की सोपं असणार, आणि आमच्या मंडळातही "अच्छा, डी-थ्री होय" असा सूर निघतो, मला त्याचा खरंच त्रास होतो. एमआयटी डी-थ्री आहे, कॅलटेक डी-थ्री आहे, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, कार्नेगी मेलन, विल्यम्स, ॲमहर्स्ट, सगळे डी-थ्री. तिथे २.३ घेऊन कोणी आत जात नाही. बऱ्याच ठिकाणी प्री-रीड असतं, म्हणजे अकरावी संपल्यावर जुलैच्या सुमारास कोच मुलाचं ट्रान्सक्रिप्ट, टेस्ट स्कोर आणि बारावीचे विषय ॲडमिशन ऑफिसला दाखवतो आणि अंदाज घेतो. उत्तर बरं आलं तर कोच पाठिंबा देतो, बहुतेक वेळा अर्ली डिसिजन (मिळालं तर तिथेच येऊ असं कबूल करून लवकर केलेला अर्ज) लावा या अटीवर. पण हे सगळीकडे सारखं नाही, एमआयटीत कोच शिफारस करू शकतो, जागा राखून ठेवू शकत नाही. कोचला सरळ विचारा, तुमचा पाठिंबा म्हणजे नक्की काय आणि प्री-रीड चांगलं येऊनही ॲडमिशन न मिळालेली मुलं गेल्या तीन-चार वर्षांत किती. चांगले कोच सांगतात.

आयव्हीबद्दल, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ नामांकित कॉलेजांच्या आयव्ही लीगबद्दल, गैरसमज फार. आठही कॉलेजं डी-वन आहेत, पण खेळाची स्कॉलरशिप एकही देत नाही, फक्त घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत. वर ॲकॅडमिक इंडेक्स असतो, ग्रेड आणि टेस्ट स्कोर मिळून काढलेला आकडा. एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये एसएटी-एसीटीची अट काढली हे ऐकून काही मुलं टेस्टच देत नाहीत, तसं करू नका, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी २०२४ मध्ये टेस्ट परत सक्तीची केल्याचं जाहीर केलं.

पैशांचं. डी-थ्रीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, नियमच तसा आहे. डी-वनमध्ये पूर्वी मुलींच्या स्विमिंगला अख्ख्या टीममागे १४ स्कॉलरशिप आणि मुलांना ९.९, त्याचेच तुकडे करून वाटायचे, त्यामुळे फुल राइड, म्हणजे सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप, क्वचितच कोणाला. जून २०२५ च्या हाउस सेटलमेंटनंतर (कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या खटल्यातली तडजोड), जी कॉलेजं त्यात आली तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि टीममध्ये किती जण ठेवायचे याची मर्यादा आली. म्हणजे स्कॉलरशिप नसलेल्या, कडेला असलेल्या पोहणाऱ्याची जागा जास्त धोक्यात. आमच्या लेकीचे टायमिंग बघता ती तिथेच, कडेला असती. डी-थ्रीच्या मेरिट एडचा, म्हणजे मार्कांवर मिळणाऱ्या मदतीचा, आकडा आम्हाला डी-वनच्या तुकड्यापेक्षा मोठा आला. सगळ्यांना येईल असं नाही, टॉपची बरीच कॉलेजं मेरिट एड देतच नाहीत, फक्त गरजेवर देतात. आणि अर्ली डिसिजन बांधून घेतं, नंतर दोन कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाही, म्हणून त्याआधीच कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती भरावं लागेल ते सांगणारा) भरा आणि आकड्याचा अंदाज लेखी मागा.

एच-फोरवर (एच-वन व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांसाठी हे सगळं थोडं बदलतं, आणि आपल्यात अशी घरं खूप आहेत. त्यांना फेडरल मदत मिळत नाही. डी-वनच्या खेळाच्या स्कॉलरशिपला मात्र सिटिझनशिप लागत नाही, त्यामुळे त्या घरांसाठी डी-वनचं पारडं जड होऊ शकतं. दुसरीकडे एमआयटी, ॲमहर्स्ट आणि बोडन ही डी-थ्री कॉलेजं परदेशी मुलांनाही पैशांची गरज न बघता ॲडमिशन देतात आणि गरजेइतकी मदत करतात, ती यादीत ठेवाच. जाहिरातीत वगैरे स्वतःचं नाव-फोटो वापरू देऊन मिळणारे पैसे एच-फोर किंवा एफ-वनवर (स्टुडंट व्हिसा) घेणं धोक्याचं आहे, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

आत गेल्यावरचा फरक कोणी विचारतच नाही. डी-वनला ४०-६०-८० असतं: दुसरं वर्ष संपेपर्यंत डिग्रीचे ४० टक्के, तिसरं ६०, चौथं ८०. १२० क्रेडिटची डिग्री धरली तर ४८, ७२, ९६, आणि ते तुमच्या डिग्रीला लागू होणारेच हवेत. म्हणजे तिसऱ्या वर्षी कोणी इंजिनिअरिंग सोडून इकॉनॉमिक्सला गेलं तर आधीची बरीच क्रेडिट वाया जाऊन एलिजिबिलिटीच अडकू शकते. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास आणि फिजिओ त्यात धरत नाहीत. डी-थ्रीत कॉलेजच्या स्वतःच्या नियमाने फुल टाइम आणि गुड स्टँडिंग (कॉलेजला लागतात तेवढे ग्रेड) असलं की झालं. माझ्या लेकीची गुरुवारी दुपारी लॅब असते, ती प्रॅक्टिसला उशिरा जाते आणि कोच त्या दिवसाचा सेट तिला वेगळा लिहून देतो. सगळ्याच डी-थ्रीत असं चालतं असं मी म्हणणार नाही, म्हणून व्हिजिटला गेलात की सायन्सवाल्या मुलांना गाठून हेच विचारा.

पुण्या-मुंबईहून थेट यायचा विचार असेल तर एनसीएए नववीपासूनच्या मार्कशीट मागते, नुसती दहावी-बारावीची बोर्डाची नाही. आणि घड्याळ नववीपासून चालतं, खेळासाठी मध्ये एक वर्ष ड्रॉप घेतलं तर उशिरा केलेले विषय धरले जातीलच असं नाही. माझ्या भाच्याचा ड्रॉपचा विचार याच कारणाने आम्ही थांबवला. तो आता अकरावीत आहे, डी-वनच्याच मागे आहे, आणि त्याच्या टायमिंगला ते शोभतंही. शाळेकडून नववीच्या मार्कशीटची सही-शिक्क्याची प्रत मात्र त्याच्या आईने परवाच आणून ठेवली.