होल्टर लावून साठ डबे

होल्टर म्हणजे हृदयाचे ठोके चोवीस तास टिपणारं, अंगावर बाळगायचं मशीन. ते जिथे लावून घेतलं त्या सेंटरला, आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. मशीनला आणि ते लावणाऱ्या मुलीला पूर्ण पाच, रिपोर्ट हातात देण्याच्या पद्धतीला दोन. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण जी तक्रार आहे ती मी त्यांच्या तोंडावर सांगून आले आहे. मुंबई नाक्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. नाशकात होल्टर लावणारी ठिकाणं बरीच आहेत आणि फोनवर काय विचारून घ्यायचं ते सगळीकडे सारखंच.

मी इंदिरानगरात पोळी-भाजीचे डबे देते. साठ डबे, रविवारी सुट्टी. पहाटे साडेचारला उठते, साडेनऊला पहिली खेप अंबडला निघते. दिवाळीनंतर छातीत काहीतरी व्हायला लागलं. दुखत नव्हतं. एक ठोका गडप व्हायचा, क्षणभर आत पोकळ वाटायचं आणि मग एक धपका. अंधारात जिना उतरताना पायरी संपलेली असते आणि आपण अजून एक आहे समजून पाय टाकतो, तसं. कधी दिवसातून दोनदा, कधी रात्री डाव्या कुशीवर वळले की ओळीने आठ-दहा. सासूबाई म्हणाल्या, पन्नाशीला आलं की बायकांना असं व्हायचंच. नवरा म्हणाला, चहा कमी कर. मुलीने पुण्याहून तिचं जुनं स्मार्ट घड्याळ पाठवलं, आणि खरा वैताग तिथून सुरू झाला.

एकदा कोबी चिरता चिरता घड्याळाकडे बघते तर नाडी ४१. विळी तशीच टाकून खुर्चीत बसले. दोन मिनिटांनी बघते तर ७८. त्या घड्याळात ईसीजीची सोय आहे, पण तीस सेकंद बोट धरून बसावं लागतं. धपका येतो आणि जातो सेकंदभरात. बोट लावेपर्यंत सगळं शांत, आणि पडद्यावर कधी ठीक, कधी ‘निष्कर्ष नाही’. एका आठवड्यात मी असे सत्तावीस ईसीजी काढले. कणकेच्या हातांनी त्याचं बटण कायमचं चिकट झालं आहे, हे मुलीला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. साधा ईसीजी सरळ आला, कारण त्या दहा सेकंदांत माझं हृदय शहाण्यासारखं वागलं. रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ९.८. ‘एवढ्या रक्तावर साठ डबे करता?’ म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि टू डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि चोवीस तासांचं होल्टर अशी चिठ्ठी लिहिली. एको नॉर्मल आला. मग होल्टर.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला, तो प्रत्येक बाईने विचारावा. पट्ट्या कोण लावतं? छातीवर पट्ट्या लावायच्या असतात आणि हे फोनवर आपणहून कोणी सांगत नाही. उत्तर आलं, ‘मॅडम आहेत, पण त्या अकरा ते पाच.’ मग मी साडेअकराची वेळ घेतली. पुढून बटणं असलेला कुर्ता घालून या, अंगाला तेल-पावडर लावू नका, आंघोळ उरकून या, पुढचे चोवीस तास आंघोळ नाही. डिसेंबर होता, सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता, त्यामुळे आंघोळीच्या अटीचं मी स्वागतच केलं. पैसे २,२०० आणि मशीनसाठी २,००० डिपॉझिट. डिपॉझिट दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता परत मिळालं, हेही लिहायला हवं.

लावणारी मुलगी विशी-बाविशीची असेल. पडदा नीट ओढला, आधी हात चोळून गरम केले, मग कामाला लागली. स्पिरिटने पुसलं, खरखरीत कागदासारखं काहीतरी घेऊन कातडी जरा घासली. ‘काकू, हे नाही केलं तर पट्टी धरत नाही.’ सात पट्ट्या, प्रत्येकीवर टिचबटणासारखी गोळी आणि तिच्यावर वायरीचं टोक टच्चकन बसतं. वायरींना एकेक वळसा देऊन चिकटपट्टी लावली, ओढ बसू नये म्हणून. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवायला लावलं. मशीन काडेपेटीहून थोडंसं मोठं, गळ्यात अडकवायच्या पिशवीत. त्यावर एक बटण. काही जाणवलं की दाबायचं आणि दिलेल्या कागदावर वेळ, काय करत होते, काय वाटलं, हे लिहायचं.

माझ्या मुलीने रात्री पुण्याहून फोनवर सांगितलं की हे होल्टर म्हणजे माणसाचं नाव. नॉर्मन होल्टर, अमेरिकेतल्या मोंटानाचा. त्याचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि वजन ३८ किलो. आमच्याकडे गव्हाचा कट्टा तीस किलोचा येतो. म्हणजे तो कट्टा पाठीवर आणि वर साखरेच्या पिशव्या. मी गळ्यातल्या पिशवीकडे बघून गप्प बसले.

मी सुट्टी घेणार नव्हते. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, रोजचं सगळं करा, झोपून राहिलात तर झोपल्याचाच रिपोर्ट येईल. सेंटरच्या मुलीला मी विचारलं, पोळ्या लाटू का? ती हसली. ‘लाटा, पण हात जोरात हलले की रेषा खरवडल्यासारख्या येतात. कागदावर पोळ्या असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल.’ हे तिने सांगितलं म्हणून बरं, कारण रिपोर्टमध्ये पहाटेचा तासभर खरोखर खरवडलेला होता.

तो कागद माझ्याकडे अजून आहे, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट. ‘१.१० दु., जेवून उठले, धपका.’ ‘३.४०, आडवी, डावी कूस, तीन धपके.’ ‘६.१२ सं., लिफ्ट बंद, तीन मजले, छाती धडधड.’ ‘५.०५ प., कणीक मळताना, एक.’ ‘५.२०, पुन्हा वाटलं, नक्की नाही.’ एकूण चौदा नोंदी.

रात्री अकराला एक पट्टी सुटली. संध्याकाळी भाजी परतताना घाम आला होता, त्याने असेल. सेंटरचा चोवीस तास चालणारा म्हणून दिलेला नंबर तीनदा लावला, कोणी उचलला नाही. अर्धा तारा तिथे गेला. मग पावतीमागे त्या मुलीने स्वतःचा नंबर लिहून दिला होता, त्यावर लावला. एका रिंगमध्ये उचलला. ‘काकू, पुसून कोरडं करा, तीच दाबा, वरून कापडी चिकटपट्टी लावा. रंग बदलू नका, लाल जिथे होती तिथेच लाल.’ झोपेतली होती बिचारी.

आता तक्रार. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मिळाला. काउंटरवरच्या माणसाने लिफाफा सरकवला आणि म्हणाला, ‘डॉक्टरांना दाखवून घ्या.’ बाहेर स्कूटरवर बसून मी उघडला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात, ‘वारंवार व्हीपीसी’, म्हणजे अवेळी पडणारे ठोके. खाली आकडे. एकूण ठोके १,०४,३१८. व्हीपीसी १,३१२. सर्वांत कमी गती ४९. तेराशे बारा! माझ्या कागदावर चौदा. शनिवारी संध्याकाळी कुठला डॉक्टर भेटणार? रविवार मी कसा काढला ते मला माहीत. मोबाइलवर वाचलं, ते वाचून धपके वाढले, वाढले म्हणून अजून वाचलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी काढू दिली.

दोन वाक्यं हवी होती फक्त. ‘घाबरण्यासारखी ओळ असती तर आम्ही लगेच फोन केला असता, हे सोमवारी दाखवलं तरी चालेल.’ निदान करणं सेंटरचं काम नाही हे मान्य. पण ठळक टाइपात छापायचं आणि तोंड शिवून बसायचं, हे मला पटलं नाही.

सोमवारी गंगापूर रोडला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट उघडण्याआधी प्रश्न विचारले. कधी शुद्ध हरपली का, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात का, छातीत दुखतं का, चढ चढताना धडधड वाढत जाऊन दम लागतो का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का. सगळ्याला नाही. मग एको पाहिला. मग माझा हळदीचा कागद मागितला आणि तो रिपोर्टमधल्या ईसीजीच्या रेषांशेजारी ठेवून एकेक वेळ जुळवत बसले. असं करणारे डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिले.

चौदापैकी नऊ वेळा खरोखर व्हीपीसी होता. पाच वेळा काहीच नव्हतं, सरळ, नेमका ठोका. लिफ्टवाली नोंदही त्यातलीच: तीन मजले चढून गती १३१ झाली होती, जी कोणाचीही होईल. आणि रात्री एक ते चार या वेळात तीनशेच्या वर व्हीपीसी होऊन गेले होते, तेव्हा मी घोरत होते. त्यावर मी काही बोललेच नाही. एवढी गर्दी छातीतून गेली आणि मला पत्ता नाही, आणि जिथे काही नव्हतं तिथे मी बटण दाबत होते.

४९ सुद्धा त्याच गाढ झोपेतला आकडा. झोपेत गती इतकी उतरणं नेहमीचंच, म्हणाले.

व्हीपीसी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून अवेळी निघालेला ठोका. तो गडप होत नाही, उलट लवकर येतो. मी डॉक्टरांना माझ्या भाषेत विचारलं, डाव भरायच्या आधीच उचलला तर डब्यात वरण थोडंच पडतं, तसं का? म्हणाले, बरोबर, आणि पुढचा डाव थोडा थांबून काठोकाठ भरून येतो, तो धबकन पडतो. तुम्हाला जाणवतो तो हा दुसरा. अर्धवट भरलेला ठोका मनगटापर्यंत कधीकधी पोचतच नाही, म्हणून घड्याळ ४१ दाखवतं. हृदय ठोके देत असतं, घड्याळाला मधले ऐकू येत नाहीत.

तेराशे हे एक लाख चार हजारांत शंभराला सव्वा. शंभराला दहाच्या वर गेले तर पंप थकू शकतो, मग नीट लक्ष ठेवावं लागतं. एको चांगला असताना एवढ्याला काही करायचं नाही. त्रास फार होत असेल तर गोळी आहे, पण ती धपका कमी जाणवावा म्हणून, आणि मला तिची गरज नाही. लोह चालू ठेवा, झोप वाढवा, सहा महिन्यांनी पुन्हा होल्टर. आणि मध्ये चक्कर येऊन पडलात किंवा छातीत दुखलं तर सहा महिने थांबू नका.

तेव्हापासून दोन महिने झाले. धपके आहेत. चहा सातवरून तीनवर आणला, त्याने फरक पडला की लोहाने की झोपेने, कोण सांगणार. डॉक्टर म्हणाले होते, चहाने सगळ्यांनाच होतं असं नाही, तुम्हीच बघा. चतुर्थीला मात्र नक्की वाढतात: दिवसभर उपाशी पोटी चहा, मग रात्री चंद्रोदयानंतर एकदम मोदक. आता दुपारी थोडं खाते. उजव्या कुशीवर झोपते, डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं म्हणे. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या. गंमत म्हणजे भरभर चालताना एकही येत नाही, थांबून बाकावर बसले की येतो. आधी हात लगेच मनगटाकडे जायचा. आता त्या हाताला काम देते, ओढणी नीट करते, चपलेचा बंद बघते. पाच-सहा सेकंदांत विषय संपतो. कधी नाही संपत, त्या दिवशी मी नवऱ्यावर चिडते. घड्याळ कपाटात आहे.

सेंटरला परत जाऊन मी शनिवारचं सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, पुढे काय केलं माहीत नाही. काउंटरवरचा तो माणूस खाली मान घालून पावत्या लावत होता. सहा महिन्यांनी मी तिथेच जाणार, त्या मुलीसाठी. तिला त्या दिवशी गूळपोळीचा डबा दिला, तर म्हणाली, ‘काकू, पट्ट्यांचे डाग गेले का?’ गेले नव्हते, लाल चौकोन आठवडाभर होते आणि खाजत होते. डिंक साबणाने निघत नाही. खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबायचं, मग मऊ कापडाने पुसायचं.

आणि लावायचंच असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी लावा, म्हणजे लिफाफा शनिवारी संध्याकाळी हातात पडणार नाही.