इलेक्ट्रोस्टॅटिकला खालचा बास हवाय: बास पॅनल घ्यावा की बंद डब्याचा सब?

इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणजे दोन जाळीदार पत्र्यांच्या (स्टेटर) मधे ताणलेला पातळ पडदा विजेच्या दाबाने हलवून वाजणारा स्पीकर. त्याचा मिड, म्हणजे मधल्या सुरांचा आवाज, एकदा कानात बसला की बाकी बरेच स्पीकर डब्यात बसून बोलल्यासारखे वाटतात, पण बास कमी पडतो हेही खरंच. पडदा पुढे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही, उलट्या फेजमध्ये, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला मागचा आवाज कडेने वळून पुढच्याला खाऊन टाकतो. त्यात दोन स्टेटरच्या मधे पडद्याला हलायला जागा ती किती. क्वाड कंपनीचा १९५७ चा घ्या नाहीतर १९८१ चा ईएसएल-६३, दुखणं तेच.

बास पॅनल म्हणजे उघड्या बॅफलवर (नुसत्या फळीवर) मोठे वूफर (बास वाजवणारे शंकू), मागे डबा नाही. हा पण पुढे-मागे दोन्हीकडे वाजतो, कडेला जवळपास गप्प, म्हणजे स्वभाव इलेक्ट्रोस्टॅटिकचाच, त्यामुळे जोड जमतो. फिनलंडच्या ग्रेडियंट कंपनीने ईएसएल-६३ साठी एसडब्ल्यू-६३ काढला होता तो याच जातीचा, क्वाड थेट त्याच्यावरच उभा राहायचा. डग्ग्याची मींड, पखवाजाची थाप, डबल बासचं बोट, हे सगळं पॅनलवर सुटं ऐकू येतं, खोली कमी घुमते. किंमत मोजावी लागते ती बास किती खाली जातो याच्या बाबतीत: एक सप्तक खाली तेवढ्याच जोरात जायचं तर डब्यातल्या वूफरला चौपट हलावं लागतं आणि उघड्या बॅफलवरच्याला आठपट. म्हणून ४० हर्ट्झच्या खाली पॅनलकडून सिनेमातले स्फोट मागू नका, त्यासाठी खूप मोठे आणि खूप वूफर लागतात.

बंद डब्याचा सब (सबवूफर, फक्त बास वाजवणारा स्पीकर) छोटा, खाली आरामात जातो, कोपऱ्यात मावतो. पण तो सगळीकडे सारखा वाजतो आणि खोलीला उठवतो. १० फूट रुंदीच्या हॉलमध्ये रुंदीचा पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमधे आवाज घुमतो ती फ्रिक्वेन्सी) साधारण ५६ हर्ट्झला येतो, १५ फूट लांबीचा ३८ च्या आसपास, म्हणजे नेमका सबच्याच इलाख्यात, मग एक सूर फुगतो, शेजारचा गायब. दोन छोटे सब वेगवेगळ्या जागी ठेवले की हे बरंच सपाट होतं, एका मोठ्यापेक्षा मी कधीही दोन छोटेच घेईन. आणि सोसायटीत राहत असाल तर डब्याच्या दोन बाजूंना समोरासमोर वूफर असलेला बघा, धक्के एकमेकांना मारतात, डबा थरथरत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत जमिनीतून जाणारी धडधड कमी होते. हवेतून जाणारा बास मात्र जातोच, त्याला इलाज व्हॉल्यूम.

आता मुंबईतल्या हॉलचा खरा प्रश्न. इलेक्ट्रोस्टॅटिक असो की बास पॅनल, मागच्या भिंतीपासून तीनेक फूट पुढे हवाच, नाहीतर मागचा आवाज लगेच परतून गोंधळ घालतो. दादर-पार्ल्याच्या वन बीएचकेमध्ये ही जागा सोफा आणि दिवाणाच्या मधून काढायची कुठून? त्यामुळे हॉल मोठा आणि गाणं मुख्यतः शास्त्रीय, जॅझ असेल तर पॅनल, बाकी बहुतेकांना दोन बंद सब. जागा असूनही तिथे रोज सिनेमाच बघणार असाल तरी सबच.

काहीही घ्या, क्रॉसओव्हर (बास आणि बाकीचा आवाज जिथे वाटला जातो ती फ्रिक्वेन्सी) ८० हर्ट्झच्या आसपास धरून सुरुवात करा आणि इलेक्ट्रोस्टॅटिकला हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावाच, खालचं ओझं उतरलं की तो मोकळा वाजतो. नुसता सब खाली जोडून इलेक्ट्रोस्टॅटिकला पूर्ण सिग्नल दिला तर अर्धा फायदा वाया. सबचा आवाज फिल्टरमुळे थोडा उशिरा येतो, तेव्हा इलेक्ट्रोस्टॅटिकलाच डिले द्यायला लागतो, म्हणून डीएसपी (डिजिटल फिल्टर आणि डिले लावणारा डबा) असा घ्या ज्यातून दोन्ही सिग्नल जातील. मोजायला आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एक मोजणीचा माईक मात्र विकत घ्यावा लागेल. लेव्हल बसायच्या जागी माईक ठेवूनच लावा, कारण इलेक्ट्रोस्टॅटिक आणि सब यांचा आवाज अंतराबरोबर सारखा उतरत नाही, सोफ्यावर जमलेला तोल स्वयंपाकघरात बिघडलेलाच वाटणार.